तेरड्याचं बाळंतपण

ऑक्टोबर लागला की न्यू जर्सीतल्या मराठी घरांत दोनच चिंता असतात. यंदा फराळ कोणाकडून मागवायचा ही पहिली, आणि रात्री पारा किती उतरणार ही दुसरी. पहिलीचा निकाल मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लागतो. दुसरीसाठी फोनमध्ये हवामानाची तीन ॲप्स असतात, तिन्ही वेगवेगळं सांगतात, आणि घरातला बागप्रेमी त्यांतल्या सगळ्यात भित्र्या ॲपवर विश्वास ठेवतो. पारा ५० फॅरनहाइटच्या, म्हणजे आपल्याकडच्या १० अंशांच्या आसपास घुटमळू लागला की एका संध्याकाळी फर्मान सुटतं: "कुंड्या आत घ्या!"

कोणती कुंडी आधी आणि कोणती मागून, याचा मानपान ठरलेला असतो. सगळ्यांत पुढे तुळस. दिवाळीनंतर तिचं लग्न असतं आणि नवरीला थंडीत बाहेर ठेवत नाहीत. मग कढीपत्ता. भारतातून ताजी पानं आणायला बंदी, त्यामुळे ज्याच्या घरी कंबरेएवढं कढीपत्त्याचं झाड आहे त्याला मराठी मंडळाच्या अध्यक्षापेक्षा जास्त फोन येतात. त्यामागून मोगरा. वर्षाकाठी ओंजळभर फुलं देतो, पण त्या ओंजळीचे फोटो पुण्यापर्यंत पोचतात. आणि या तिघांच्या मागे, जागा उरली म्हणून नव्हे तर टीव्हीचं टेबल सरकवून जागा करून, आमच्याकडे इम्पेशन्स येतो.

तुळस, कढीपत्ता, मोगरा यांची बाजू मांडायला वकील लागत नाही. इम्पेशन्सची बाजू मात्र मी लग्नापासून ऐकत आले आहे, आणि नवऱ्याने ती कितीही पोटतिडकीने मांडली तरी अजून गळी उतरलेली नाही. हा ना देवाला लागतो, ना फोडणीला, ना त्याला वास. मेमध्ये आणायचा, फुलं बघायची, थंडीने गेला की पुढच्या मेमध्ये दुसरा आणायचा, अशा बेतानेच सारी अमेरिका तो विकत घेते. सहा रोपांचा ट्रे कॉफीच्या एका मोठ्या कपाच्या पैशांत मिळतो. असल्या झाडासाठी सहा-सात महिने घराचा दवाखाना करणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: इम्पेशन्स म्हणजे आपल्या तेरड्याचा आफ्रिकेतला चुलतभाऊ. आपला तेरडा ताठ उभा, फुलं खोडाला चिकटून. हा बुटका आणि पसरट, फूल चपटं, पाच पाकळ्यांचं, मागे बारीकशी वाकडी शेपटी. मात्र खोड तेच पाणीदार, मोडलं की कचकन मोडणारं. बोंडही तेच. पिकलेल्या बोंडाला बोट लागलं की ते फटकन फुटतं, साल क्षणात गुंडाळली जाते आणि बिया डेकभर उडतात. शाळेच्या वाटेवर तेरड्याची बोंडं फोडत गेलेला माणूस पन्नाशीतही हे केल्याशिवाय राहत नाही. आमच्या डेकवर चहा घेऊन उभे राहिलेले भलेभले इंजिनियर, बोलणं ग्रीन कार्डाचं चालू असतं आणि बोटं बोंडं चाचपत असतात.

हे झाड सावलीत फुलतं, हा त्याचा खरा गुण. घराच्या उत्तरेला, मेपलच्या झाडाखाली, जिथे दुसरं काही फुलायला राजी नसतं तिथे हा मेपासून ऑक्टोबरपर्यंत थांबत नाही. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' म्हणणाऱ्याने हा पाहिलेला नसणार. जमिनीत लावायची मात्र सोय नाही. इथली हरणं रात्री येतात आणि सकाळी जमिनीबरोबर कापलेली खुंटं तेवढी उरतात. म्हणून कुंडी, आणि कुंडी डेकवर. कुंडीला खाली भोक हवं, माती हलकी हवी आणि जुलैत पाणी रोज. एक दिवस चुकला तर दुपारी चारला सगळी पानं खाली, फांद्या लोळलेल्या. बघणाऱ्याला वाटतं, संपलं सगळं. पाणी घातलं की तासाभरात काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा उभा. माझ्या मते नवऱ्याचा जीव या नाटकामुळेच त्याच्यात गुंतला. कढीपत्ता असं कधी काही करत नाही. तो नुसता हळूहळू वाळतो, आणि आपल्याला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

आमच्या सासूबाई साताऱ्याच्या. त्या मेमध्ये येतात आणि व्हिसाचे सहा महिने भरत आले की ऑक्टोबरात परत जातात, त्यामुळे इम्पेशन्सचं बाहेरचं सगळं आयुष्य त्यांच्या देखत जातं. त्यांच्या अंगणात तेरडा कोणी लावत नाही. पहिल्या पावसात आपला आपण उगवतो, भाद्रपदात फुलतो, नवरात्रापर्यंत वाळतो, आणि वाळण्याआधी पुढच्या वर्षाची पेरणी स्वतःच उरकून जातो. तेरड्याला कोणी खत घालतं असं त्यांना सांगितलं तर त्या हसतील. हसल्या असत्या, म्हणजे. आता त्यांच्या पोटचा मुलगा दर पंधरा दिवसांनी निळं पाणी मोजून घालतो, म्हणून गप्प बसतात. आपल्या जिल्ह्यातल्या कासच्या पठारावर जांभळा तेरडा बघायला लोक आधी बुकिंग करून, तिकीट काढून येतात, याचाही त्यांना अजून धक्काच आहे. "तिकीट कशाचं? तेरड्याचं?" असं त्यांनी कासला जाऊन आल्यावर विचारलं होतं.

नवऱ्याकडे या झाडाच्या खानदानाची माहिती भरपूर आहे आणि ती पाहुण्यांना चहाबरोबर मिळते. मूळ पूर्व आफ्रिकेतलं. झांझिबारहून इंग्लंडला गेलं तेव्हा जोसेफ डाल्टन हूकर या बड्या वनस्पतिशास्त्रज्ञाने झांझिबारच्या सुलतानावरून त्याला नाव दिलं, सुलतानी. पुढे लक्षात आलं की याच झाडाला आधीच एका मिशनऱ्याच्या, होरेस वॉलर यांच्या नावाने नोंदवलेलं आहे, आणि ती नोंदही हूकर यांचीच. सुलतान गेला, वॉलर राहिले. हूकर यांनी मात्र तेरडा सोडला नाही. क्यूच्या बागेची वीस वर्षं संचालकी केलेला हा माणूस निवृत्तीनंतर म्हातारपणी तेरड्याच्याच मागे लागला आणि १९११ साली ९४व्या वर्षी वारला तो जवळपास अखेरपर्यंत तेरडेच निवडत. तेरड्याचं फूल वाळवून कागदात दाबलं की पाकळ्या एकमेकींना चिकटून त्याचा चोळामोळा होतो; ती सुकी फुलं भिजवून, सोडवून, हजारो मैलांवरच्या जातींचा उलगडा करायचा. आमच्या घरात ही गोष्ट निघाली की मी नवऱ्याकडे बघते आणि पुढची चाळीस वर्षं माझ्यासमोर उभी राहतात.

बाकी आजचा कुंडीतला बुटका, भरगच्च इम्पेशन्स घडवला तो क्लॉड होप या अमेरिकन माणसाने, कोस्टा रिकात बसून. दुसऱ्या महायुद्धात क्विनीनसाठी सिंकोनाच्या लागवडीवर त्याला तिकडे पाठवलं होतं. युद्ध संपलं, हा राहिला, आणि रस्त्याकडेला माजलेल्या इम्पेशन्सपासून त्याने साठच्या दशकात एल्फिन नावाची बुटकी जात तयार केली. त्याआधी इंग्लंडात हे झाड लोक खिडकीत, घराच्या आतच ठेवत. नवऱ्याचा सगळ्यात जोरकस मुद्दा हाच: "मुळात घरातलंच झाड आहे हे. आपण बाहेर ठेवतो तेच चूक."

एका सप्टेंबरात आम्ही आईंना घेऊन ओढ्याकाठच्या पायवाटेने फिरायला गेलो होतो. आई एकदम थांबल्या. ओल्या सावलीत छातीएवढी झाडं, पाणीदार खोड, त्यावर लोंबणारी लहानशी केशरी फुलं, आत तांबडे ठिपके. त्यांनी एक बोंड चिमटीत धरलं. फटकन फुटलं. "हा तेरडाच की गं," त्या म्हणाल्या. नवऱ्याने फोन काढून फोटो घेतला आणि ॲपने आईंच्या बाजूने कौल दिला: ज्युएलवीड, इथला अस्सल गावठी तेरडा. पॉयझन आयव्हीने अंगाला खाज सुटली की याचा रस चोळायची इथे जुनी रीत आहे. आईंना त्यात रस नव्हता. गौरी चार दिवसांवर आल्या होत्या आणि आमच्याकडे गौर तेरड्याची असते, मुळासकट आणलेली. इथे आल्यापासून आम्ही कागदी मुखवट्यांवर वेळ मारून नेत होतो.

पार्कातलं झाड उपटायचं नसतं हे आईंना पटवायला परतीची वाट पुरली नाही. शेवटी नवऱ्याच्या ऑफिसातला एकजण मदतीला आला. त्याच्या घरामागे ओढा आहे आणि तिथे ज्युएलवीड रान माजलं होतं. आमची मागणी ऐकून त्याला वाटलं, हे लोक त्याचं गवत काढून द्यायला येताहेत. त्याने हातमोजे दिले, प्लास्टिकच्या पिशव्या दिल्या, आणि आई मुळासकट दोन जुड्या उपटून हळदीकुंकू वाहायला लागल्या तेव्हा "अजून हवं असेल तर पलीकडेही आहे" असं आशेने सांगितलं. त्या वर्षी गौर केशरी फुलांची आली, वाजतगाजत, होंडाच्या मागच्या सीटवरून.

रात्री नवऱ्याने या झाडाबद्दल वाचून काढलं. ज्युएलवीडचं झाड पहिल्या कडक थंडीत मरतं, पण त्याच्या बियांना रुजायच्या आधी थंडी हवीच असते. हिवाळाभर ओल्या गार मातीत पडल्याशिवाय ती बी वसंतात कोंब काढत नाही. हे वाचून त्याने फोन बाजूला ठेवला. आफ्रिकेचा तेरडा थंडीने मरतो, अमेरिकेचा थंडीवाचून उगवत नाही, आणि साताऱ्याच्या तेरड्याला थंडी पडल्याचं कळायच्या आत तो गेलेला असतो. यांतला नेमका पहिला आमच्या वाट्याला आला.

तर ऑक्टोबर. पहिली गोठवणारी रात्र कुंडीला बाहेर भेटली तर सकाळी झाड उकडलेल्या पालकासारखं, काळपट आणि लिबलिबीत. म्हणून त्याच्या आधी, रात्री १० अंशांकडे झुकायला लागल्या की, सगळा शास्त्रार्थ सुरू होतो. निरोगी झाडं निवडायची, रोगट फेकायची. उरलेली वीतभर ठेवून छाटायची. पानं उलटी करून बघायची: मावा, पांढरी माशी, आणि सगळ्यात हलकट म्हणजे लाल कोळी, जो डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही, पानं निस्तेज होऊन बारीक जाळी दिसली की मगच कळतो. साबणाच्या पाण्याने आंघोळ, मग कडुनिंबाच्या तेलाची फवारणी. त्या दिवशी घरात येणारा वास पाहुण्यांना आयुर्वेदिक वाटतो आणि आम्ही तो गैरसमज दूर करत नाही.

माझं म्हणणं असं, की आख्खं झाड आत आणूच नये. चार बोटं लांबीच्या फांद्या पेराखाली कापाव्या, खालची पानं काढावी, पाण्यात ठेवाव्या. दहा-पंधरा दिवसांत पांढरी मुळं सुटतात, मग लहान कुंडीत लावाव्या. जागा कमी, कीड कमी, आणि मेपर्यंत झाड तरुण. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने ती फांदी म्हणजे तेच झाड, रंगसुद्धा तोच. नवऱ्याला हे मान्य आहे. तो फांद्या लावतो, आणि झाडही आणतो. "फांदी तीच असेल, पण उन्हाळाभर मी पाणी घातलं ते हिला नाही," असं तो म्हणतो. यावर मी काय बोलणार? स्टीलच्या पेल्यात मुळं दिसत नाहीत म्हणून घरातले सगळे काचेचे ग्लास खिडकीत जातात, आणि दिवाळीत आलेल्या पाहुण्यांना आमच्याकडे कोकम सरबत कॉफीच्या मगातून मिळतं.

मग हीटिंग सुरू होतं. जमिनीतल्या जाळीतून गरम कोरडी हवा येते आणि आफ्रिकेच्या दमट जंगलातलं हे झाड पानं गाळू लागतं. कुंडीखाली खडे आणि पाण्याची बशी ठेवा. पाणी कमी करा, नाहीतर खोड कुजतं. कमी केलं तर पानं गळतात. मातीतून बारीक चिलटं उठतात, त्यांची नजर नेमकी आपल्या चहावर, म्हणून पिवळे चिकट कागद टांगा. नोव्हेंबरपासून आमच्या दिवाणखान्यात आकाशकंदिलाच्या शेजारी चिलटं चिकटलेले पिवळे कागद लोंबत असतात, आणि लहान मुलं विचारतात की ही कोणत्या सणाची सजावट.

खिडकीतला उजेड पुरत नाही म्हणून उरलेल्या कुंड्या बेसमेंटमध्ये जांभळ्या एलईडी दिव्याखाली. दिव्याला टायमर, रोज चौदा तास. बेसमेंटच्या छोट्या खिडकीतून तो जांभळा उजेड रात्री बर्फावर पडतो. न्यू जर्सीत गांजा दुकानातून विकत घेता येतो, घरी लावता येत नाही. पलीकडच्या घरातले आजोबा, जे आधी नुसती मान हलवायचे, ते दिवा लागल्यापासून फारच आपुलकीने चौकशी करू लागले. एकदा थांबून त्यांनी नवऱ्याला हळू आवाजात विचारलं, पीक कसं आहे? नवरा म्हणाला, यंदा फुलं उत्तम आहेत. आजोबांनी त्याचा खांदा थोपटला. या दोघांची समजूत घालायचा मी प्रयत्न केलेला नाही.

पण खरी कसोटी डिसेंबरात. मुलांना सुट्ट्या लागल्या की अर्धी मराठी वस्ती तीन आठवड्यांसाठी भारतात जाते, आणि जी जात नाही तिच्या घरी कुंड्यांचा मुक्काम पडतो. सोबत सूचनांचा कागद. तुळशीला रोज, कढीपत्त्याला शनिवारी, इम्पेशन्सला माती वरून कोरडी लागली तरच, आणि थंड पाणी नको. एका मैत्रिणीकडे अशा सात घरांच्या कुंड्या होत्या आणि सात कागद. त्यांत एकीचा कोरल रंगाचा इम्पेशन्स गेला. पाणी जास्त झालं, खोड मुळाशी मऊ पडलं, एका रात्रीत आडवा. जानेवारीत हे झाड कोणत्याही दुकानात मिळत नाही. मग तिने काय करावं? दुसऱ्या घरच्या कुंडीतली सॅमन रंगाची फांदी कापून त्या कुंडीत खोचली. मालकीण परत आली, कुंडी घेऊन गेली, चिवड्याचं पाकीट देऊन गेली. मार्चमध्ये फूल आलं. कोरल आणि सॅमन यांत फरक किती, हे ज्यांनी पैठणी निवडली आहे त्यांना सांगायला नको. तिने ते पाहिलं आणि एक शब्द काढला नाही, कारण त्या मैत्रिणीचा मोगरा आदल्या वर्षी तिच्याकडे होता.

यात एक वाईट काळही येऊन गेला. २०११-१२च्या सुमाराला अमेरिकेत इम्पेशन्सवर केवडा रोगाची साथ आली. पानं पिवळी पडत, खालच्या बाजूला पांढरी बुरशी धरे, आणि आठ-पंधरा दिवसांत नुसत्या उघड्या काड्या. बुरशीचे बीजाणू मातीत दबा धरून राहतात. दुकानांनी हे झाड ठेवणंच कमी केलं; त्याजागी न्यू गिनी जातीचं पुढे आलं, ज्याला हा रोग सहसा लागत नाही. अलीकडे बियाणं कंपन्यांनी साध्या इम्पेशन्समध्येही प्रतिकारक जाती आणल्या आहेत. म्हणजे शहाण्या माणसाने दर मेमध्ये नवं, रोग न घेणारं रोप आणावं आणि जुनं सोडून द्यावं. नवऱ्यापुढे मी हे सविस्तर मांडलं. तो म्हणाला, "सोडून द्यावं? कुठे?"

मार्च-एप्रिलपर्यंत वाचलेली झाडं ओळखू येत नाहीत. उजेडाच्या ओढीने खोडं हातभर लांबलेली, पानं वर चार, आणि टोकाला कुठेतरी एक फूल. त्या फुलाचा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर जातो आणि नातेवाईक अंगठे दाखवतात. मग उन्हाची सवय. पहिल्या दिवशी तासभर सावलीत बाहेर, संध्याकाळी आत. दुसऱ्या दिवशी दोन तास. आठवडाभर नवरा ऑफिसच्या मीटिंगमधून उठून कुंड्या आतबाहेर करतो. मदर्स डे उजाडतो तेव्हा झाडं कायमची बाहेर जातात, आणि त्याच दिवशी तो दुकानातून भरगच्च फुललेला नवा ट्रेही आणतो. "सोबत म्हणून."

यंदाही आई मेमध्ये आल्या, जेट लॅगमुळे पहाटेच उठल्या आणि डेकवर जाऊन उभ्या राहिल्या. एका बाजूला नवा ट्रे, फुलांनी पान दिसत नव्हतं. दुसऱ्या बाजूला हिवाळा काढलेला, काठीला बांधलेला, शेंड्यावर एक गुलाबी फूल. "यांतला वाचवलेला कुठला रे?" त्यांनी विचारलं. नवऱ्याने अभिमानाने दाखवला. आई वाकल्या, खोड खालून वर बघितलं, नखाने शेंडा खुडला, फुलासकट, आणि शेजारच्या कुंडीत खोचून दिला.

"वाढवलास नुसता उंच. आता फुटेल बघ चहूबाजूंनी," त्या म्हणाल्या. "खोचलाय तोही लागेल. चहा टाकू का तुला?"

नवरा काही बोलला नाही. आत आला आणि मला विचारू लागला की ऑक्टोबरात त्या शेजारच्या कुंडीला आत जागा होईल का.